अर्धी नळी रक्त

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

हरले! आणि तेही शिवम्माकडून!

धाकटी जाऊ म्हणून चाळीस वर्षं तिला खपवून घेतलं. आता तिची नात ऋतुजा पुण्याहून संशोधनाचे आकडे घेऊन आली आहे. दिवाळीत आम्हा दोघींचं रक्त नेलं होतं. जंतू ओळखणाऱ्या पेशी रक्तात हजारो प्रकारच्या असतात, यंत्र त्या एकेक वाचतं. जितके प्रकार जास्त तितकं शरीर तयारीत. शिवम्माकडे एकेचाळीस हजार प्रकार. माझ्याकडे तीस.

"अक्का, तुमी दरसाल शिंकायलाव ते उगंच न्हाई!" — शिवम्मा, दात दाखवत. असलेले तेवढे.

पैज होती. हरेल तिने महिनाभर पहाटे दोघींच्या लिंगपूजेचा बेल तोडून आणायचा.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आणला. काटे बोचले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ऋतुजाचे तक्ते मागितले. "मोठी आज्जी, तुला नाही कळायचं ते." मला! पीकपाहणीचे आकडे तपासत सव्वीस वर्षं नोकरी केली मी!

शिवम्माच्या नऊ लाख पेशी वाचल्या, माझ्या दोन लाख. म्हणजे जिंतूरची नऊशे शेतं फिरायची, बोरीची दोनशे, आणि वर म्हणायचं, बोरीत पिकांचे प्रकार कमी!

"अर्धी नळी तूच दिलीस ना? सुई बघून ओरडलीस."

तो विषय वेगळा.

म्हटलं, तिच्या नऊ लाखांतून डोळे मिटून दोन लाख उचल. शंभर वेळा उचल. सरासरी काढ आणि मग तोंड उघड. कार्टी ओशाळली. आपली आज्जी जिंकतेय म्हणून घाईघाईने कच्चे आकडे दाखवले होते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

जिंकले! शिवम्मा बावीस हजार, मी तीस. उद्यापासून बेल तिच्याकडे.

"लय शिकल्याल्या तुमी, आकडे फिरवले असतील," म्हणाली. फिरवले नाहीत, सारखे केले. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी तेवढं शिकवलं आहे.

ऋतुजा मात्र हसली नाही. तक्ताच बघत बसली.

रविवार, ९ फेब्रुवारी

शिवम्माने बेल आणला. तीन पानं किडकी — मुद्दाम! धापा टाकत होती. नाटकं पुरे, म्हटलं मी.

दुपारी ऋतुजाने मला एकटीला गच्चीवर नेलं. शिवम्माचे प्रकार एवढे का घसरले? तिच्या पेशींचा तिसरा हिस्सा एकाच प्रकाराचा आहे. एकच पीक माजलेलं. "म्हातारपणी थोडं होतं. पण इतकं नको." रक्ताचा कर्करोग असेल, नसेलही. आधी तपासणी.

"आज्जीला कसं सांगू?" रडायलाच लागली.

मी सांगते म्हटलं. चाळीस वर्षं तिला नको ते मीच ऐकवत आले आहे.

सांगितलं. शिवम्मा म्हणाली, "परत सुई का?"

म्हटलं, हो. आणि नळी पूर्ण भरू दे. माझ्यासारखं करू नकोस.

सोमवार, १० फेब्रुवारी

उद्या नांदेडला न्यायचं.

आज पहाटे ती उठायच्या आत बेल तोडून आणला. दोघींचा. पाळी तिची होती. एकही पान किडकं नाही.