सोळावी भाजी

१२ ऑगस्ट २०२५
वाचला! रामाकोन्याजवळ संत्र्याच्या बागेचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, जेसीबीनं सपाट करत होते. कंदीलपुष्पाचा वेल नेमका तिथंच. कंदासकट काढला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन पांढुर्ण्याला आले. कंडक्टरनं विचारलं, हे काय? म्हटलं, रोप. तीन पावसाळे हा पट्टा पालथा घातला, असा दुसरा वेल मला दिसलेला नाही. आता परसात रंगाच्या बादलीत आहे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण एवढा जीव कुठल्या वर्गाला लावला नाही.

१५ ऑगस्ट
सासूबाई परसातलं तण काढायला बसल्या. त्यांच्या हातून तुळस सोडून काही सुटत नाही. दुर्मीळ आहे म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली बादलीभोवती असती. म्हणून म्हटलं — आई, ती रानभाजी आहे, राहू द्या. राहू दिली. स्वतःच्या हुशारीवर खूश आहे.

२४ ऑगस्ट
कळी!

२६ ऑगस्ट
नागपूरच्या मधुकर सरांना फोटो पाठवला. सगळी नोकरी त्यांनी याच वेलांमागं घालवली. म्हणाले, तुमच्या भागातून तो संपला असंच आम्ही धरून होतो. सोमवारी येतायत. घरी महालक्ष्म्यांचं जेवण, म्हटलं जेवूनच जा.

३१ ऑगस्ट
उमललं. इवलासा हिरवट कंदील. कोणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून एकटीच बघत बसले. फार आनंद झाला.

१ सप्टेंबर
शांतपणे लिहायचं ठरवलंय.

सरांना स्टेशनवरून घेऊन आले. ते सरळ परसाकडं निघाले होते. सासूबाईंनी अडवलं — आधी जेवण. महालक्ष्म्यांच्या दिवशी पाहुण्याला ताटकळत ठेवत नाहीत. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांची एकत्र भाजी. सरांनी भाजी पुन्हा मागून घेतली. चव वेगळीच आहे म्हणाले.

सासूबाई खुलल्या. सोळात एकही कमी चालत नाही आणि बाजारात पंधराच मिळाल्या, असं सांगू लागल्या. मग म्हणाल्या, "सोळावी घरचीच निघाली. वृषालीनंच लावली होती ना बादलीत. कंदबी चांगला भरला होता."

सरांनी हातातला घास ताटात ठेवला. थोड्या वेळानं उचलून खाल्ला. प्रसाद टाकत नाहीत.

मी परसात जाऊन आले. बादली धुऊन पालथी घातली होती.

सर जाताना कोणावर रागावले नाहीत. तेच सहन झालं नाही. न्हाणीत नळ सोडून रडले.

२ सप्टेंबर
नवऱ्यानं — प्रफुल्लनं — आईला सगळं समजावून सांगितलं. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही नाही. महालक्ष्म्या उठल्या.

३ सप्टेंबर
सकाळी सासूबाई चहा घेऊन माझ्या खोलीत आल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. कप ठेवला. म्हणाल्या, "पुढच्या सालापासून पंधराच करू. महालक्ष्मीले मी सांगून देईन."