खिडक्यांची सूट आणि माझे नकार

फर्गस फॉल्स, मिनेसोटा
१२ मार्च

ती. थोराताई यांना आर्विदचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे ठीक आहे. म्हणजे सिग्ने गेल्यापासून जितकं ठीक म्हणायची पद्धत आहे, तितकं.

पत्रास कारण खिडक्या. तुमच्या बहिणीने अंगात जोर होता तोवर पाहुण्यांच्या खोलीसाठी दुहेरी काचेच्या खिडक्या मागवून ठेवल्या होत्या. (‘थोरा येत नाही ती त्या खोलीतल्या वाऱ्यामुळे,’ असं ती म्हणायची. तिथे तुम्ही टोपी घालून झोपलात ही कथा तुमच्या अख्ख्या डुलुथ गावाला पाठ आहे, हे आमच्या कानावर आहे.) खिडक्या आल्या त्या अंत्यविधीनंतर. घराची ऊब टिकवणारं काही बसवलं की सरकार आयकरात सूट देतं. ‘ती सोडू नका,’ असं सिग्नेने बजावलं होतं, म्हणून पावती घेऊन चर्चच्या तळघरात गेलो. तिथे स्वयंसेवक आम्हा म्हाताऱ्यांचे कराचे कागद भरून देतात.

माझ्या वाट्याला टेक्सासहून नुकतीच आलेली डेलिया नावाची बाई आली. हसतमुख, पण भारी घाईची. म्हणाली, ‘काका, खिडक्या-बिडक्या बदलल्यात का? सूट हवी?’ मी म्हटलं, ‘नको हो, कशाला उगाच त्रास!’ आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पहिल्या विचारण्याला दुसरं काय म्हणतात? पहिला नकार म्हणजे नुसतं घसा साफ करणं, दुसरा सभ्यपणा, आणि तिसऱ्यांदा विचारलं की कुरकुरत हो. आपण कॉफीसुद्धा अशीच पितो. (सिग्नेलाही मी लग्नाचं तीनदा विचारलं होतं. दाराआडून तुम्ही मोजत होतात.) मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसलो, आणि या बाईने ‘नाही’वर खूण करून माझी सही घेतलीसुद्धा! पावती खिशातच राहिली.

घरी सिग्नेच्या फोटोसमोरून जायची सोय उरली नाही. शेवटी परत गेलो. नशीब, कागद अजून पुढे गेले नव्हते. डेलिया म्हणाली, ‘अहो, मी विचारलं होतं की!’ म्हटलं, ‘एकदाच विचारलंत.’ रांगेतल्या सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मागून गुन्नार सुतार ओरडला, ‘पोरी, अजून दोनदा विचार त्याला, नाहीतर आमचा ईस्टर इथेच व्हायचा!’ तिने विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. तिने दात-ओठ खात पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बरं, कागद काढलाच आहे तर...

ईस्टरला येऊ का म्हणून तुम्ही फोनवर विचारलंत, आता पुन्हा लिहिलंत. इतक्या लांब, बर्फातून, कशाला दगदग? माझं चाललंय. शेजारचे जेवण आणून देतात.

आपला,
आर्विद

ता. क. : त्या खोलीत मेणबत्ती लावून पाहिली. ज्योत हलत नाही. टोपी लागणार नाही. अर्थात तुम्ही येणार नाहीच, नुसतं कळवलं.

आणखी ता. क. : फोनवरचा नकार पहिला होता, हा दुसरा. तुम्ही काही टेक्सासच्या नाही.