हर्नियाचा दर आणि आमचा आरोग्य निधी

२ फेब्रुवारी
हर्नियाच्या ऑपरेशनला किती पैसे लागतात? मला सांगता येत नाही. पदवीधर असूनही.

आमच्या घरात मी पहिलीच पदवीधर. त्यामुळे ज्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच येत नाही तो आपोआप माझ्याकडे येतो. आधी टीव्हीचा रिमोट, मग लाइटबिल, आता बाबांचा हर्निया.

बाबा छापखान्यात बाइंडर आहेत. तीस वर्षं कागदाची रिमं उचलली, त्याचं हे फळ. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण दोन महिन्यांत उरकून टाका, आतडं अडकलं तर धावपळ होईल. बाबा कमरेला पट्टा आवळून कामावर गेले. जाताना म्हणाले, तू बघ गं, तुला कळतं.

मला कळतं. एक आठवडा पुरे.

४ फेब्रुवारी
विम्याचे एजंट येऊन गेले. पॉलिसी घेतली तरी हर्नियासाठी दोन वर्षं थांबावं लागतं म्हणे. मी विचारलं, हर्निया थांबेल का? ते म्हणाले, मॅडम, तो तुमचा आणि हर्नियाचा प्रश्न आहे. दोन कप चहा पिऊन गेले.

विमा हा पर्याय आम्ही नाकारला आहे. आधी त्यांनी आम्हाला नाकारलं, पण तो तपशील.

९ फेब्रुवारी
पारदर्शक दरांचा तक्ता करायला घेतला. सात हॉस्पिटलं, सात फोन.

पहिल्या ठिकाणी म्हणाले, पेशंट आणा, मग बघू. दुसऱ्या ठिकाणी, खोली कुठली घेणार त्यावर आहे. हर्निया खोलीप्रमाणे बदलतो का, असं मी नम्रपणे विचारलं. फोन कट. तिसरीकडच्या बाईंनी उलट मलाच विचारलं, विमा आहे का? आहे म्हटलं तर काय दर आणि नाही म्हटलं तर काय, असं मी म्हणताच त्या म्हणाल्या, आधी तुम्ही ठरवा. चौथ्या ठिकाणी पॅकेज आहे. पॅकेजमध्ये काय येतं? सगळं येतं. भूल? ती वेगळी.

तक्ता दिसायला सुंदर झाला आहे. तीन रंग वापरले. सहा चौकटींत ‘अवलंबून आहे’. सातवीत ‘वीस मिनिटं संगीत’.

१० फेब्रुवारी, पहाटे
सापडलं! लोक एकेकटे आजारी पडतात म्हणून लुबाडले जातात. सगळ्या नातेवाइकांनी दरमहा थोडे पैसे एकत्र ठेवायचे. ज्याला गरज, त्याला मदत. ना कंपनी, ना एजंट, ना बारीक अक्षरं.

घटना आजच लिहिते. मोठ्या अक्षरांत.

१५ फेब्रुवारी
परस्पर आरोग्य निधीची स्थापना. आमच्याच बाहेरच्या खोलीत, अकरा सभासद. अध्यक्ष मी. दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणजेच विश्वास.

घटनेची बावीस कलमं वाचून दाखवली. कलम सातवर मला स्वतःला भरून आलं: आजार होऊ नये म्हणून केलेला खर्चही निधीतून मिळेल. आत्या सरसावून बसली. कलम अकरा सगळ्यात कडक: अध्यक्षांच्या घरच्यांना निधीचा लाभ मिळणार नाही. वशिलेबाजीला जागाच नको. टाळ्या. सगळ्यात जोरात बाबांनी वाजवल्या. आई काहीतरी विचारत होती, टाळ्यांत ऐकू आलं नाही. दादा तिला म्हणाला, जाऊ दे गं, चहा टाक.

नोकरीचे अर्ज तूर्त बाजूला. हे काम नोकरीपेक्षा मोठं आहे.

२३ फेब्रुवारी
बाबांचा पट्टा सैल झाला होता. आईने नवीन शिवून दिला. मी हप्ते गोळा करत होते.

२ मार्च
निधीतून पहिली मदत! आत्याला चालायचे बूट. कलम सात. चाललं की हृदय चांगलं राहतं, हे तिने मलाच समजावलं. लाल पट्टे असलेले घेतले. ती रिक्षाने घरी गेली, पण बूट नवे आहेत, सवय व्हायला हवी.

८ मार्च
मोठ्या मामांचा अर्ज: गादी. पाठ दुखत नाही, पण दुखू नये म्हणून. मुद्दा बिनतोड होता.

मामी म्हणाली, तेच तर, यांना काही झालं तर मलाच उचलावं लागेल. डबलबेडची मंजूर केली.

९ मार्च
दादासुद्धा! म्हणाला, अध्यक्षबाई, मी दिवसभर व्हॅन चालवतो, मला एसीचं काहीतरी बघा. कलम अकरा दाखवून फेटाळला. सख्ख्या भावाचा अर्ज! बाहेर जाऊन तो बराच वेळ हसत होता. धक्क्याने असेल.

१४ मार्च
बाबा जिना चढताना मध्येच बसले. चेहरा पांढरा. पाच मिनिटांनी उठले आणि म्हणाले, काही नाही, चप्पल नीट करत होतो. त्यांच्या चपलेला पट्टा नाही, अंगठा आहे.

रात्रीपर्यंत थांबले नाही. तातडीची सभा बोलावली, बाबांचा अर्ज मीच वाचला. मग आत्या बूट न काढता म्हणाली, अगं बाई, कलम अकरा.

मी म्हटलं, दुरुस्ती करू. मामा म्हणाले, करू की, पण तुझ्याच घटनेत तीन चतुर्थांश बहुमत लागतं, आणि आज चौघं आलेले नाहीत. शिवाय निधीत आहे काय आता? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. मामा म्हणाले, तत्त्व गादीत गेलं, पोरी.

सभा घटना पाळायला शिकली आहे. एका अर्थी हा माझा विजय आहे. झोप लागली नाही.

२० मार्च
उपाय मिळाला. मी अध्यक्षपद सोडलं की बाबा पात्र. राजीनामा लिहिला. कलम एकोणीसप्रमाणे तो तीस दिवसांनी लागू होतो. म्हणजे १९ एप्रिल. डॉक्टरांचे दोन महिने २ एप्रिलला संपतात. सतरा दिवसांचाच फरक.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, तू सांगशील तसं. आईने कुकरचं झाकण आपटलं.

२६ मार्च
आई-बाबा चार दिवस मावशीकडे गेले. बदल हवाच होता त्यांना. आईने दोन चादरी, थर्मास आणि बाबांच्या रिपोर्टची पिशवी घेतली. मावशीकडे रिपोर्ट कशाला, असं विचारलं तर म्हणाली, राहू दे जवळ. दादा सोडायला गेला, तोही तिकडेच राहिला. बाबा दारातून परत आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

घर शांत. घटनेची दुसरी आवृत्ती लिहिते आहे. एकतीस कलमं.

२८ मार्च
मावशीचा फोन. विचारत होती, भावजींचं ऑपरेशन कसं झालं, शुद्धीवर आले का.

मी म्हटलं, ते तुझ्याकडेच आहेत ना? मावशी म्हणाली, अगोबाई. आणि फोन ठेवला.

२८ मार्च, दुपार
सरकारी रुग्णालय, जनरल वॉर्ड, खाट चौदा. ऑपरेशन काल झालं. नीट झालं.

दादा तीन दिवस पहाटे नंबर लावायला उभा राहिला होता. केसपेपर, तपासण्या, सगळं त्याने आणि आईने केलं. सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याला तर डबा आणायची पाळीसुद्धा लावून दिली होती. मी आईला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तू एवढी मन लावून करत होतीस, कोण सांगणार? सांगितलं असतं तर सभा घेतली असतीस.

खर्च किती झाला, हे मी हळूच दादाला विचारलं. तो मला हाताला धरून खाली घेऊन गेला. पैसे भरायच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर रंगाने दर लिहिलेले आहेत. हर्निया, नववी ओळ. आमच्या निधीच्या दोन महिन्यांच्या वर्गणीपेक्षा कमी. हे रुग्णालय मी तक्त्यात घेतलंच नव्हतं, कारण तिथे फोन उचलत नाहीत.

बाबा गुंगीत होते. मला बघून म्हणाले, तुझा तक्ता वाया गेला का गं?

नाही म्हटलं. मग वऱ्हांड्यात जाऊन उभी राहिले.

३१ मार्च
सभा. माझा राजीनामा एकमताने, तीस दिवसांची अट माफ करून. आमच्या इतिहासातलं पहिलं एकमत. मामा नवे अध्यक्ष. त्यांनी पहिल्याच मिनिटाला निधी बंद केला.

३ एप्रिल
बाबा परवा घरी आले. सहा आठवडे वजन उचलायचं नाही. छापखान्यात मात्र एवढे दिवस जागा रिकामी ठेवत नाहीत, दुसरा माणूस घेतात, आणि मग त्याला काढत नाहीत. हे बाबांनी कोणाला सांगितलं नव्हतं. काल ते आईला सांगत होते, तेव्हा मी ऐकलं.

आज सकाळी आठ वाजता मी छापखान्यात गेले. बाबांची जागा सहा आठवडे मी चालवते, असं सुपरवायझरांना सांगितलं. त्यांनी शिक्षण विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, काही हरकत नाही, शिकशील.

संध्याकाळपर्यंत चाळीस वह्या शिवल्या. त्यांनी एकोणतीस उसवायला लावल्या. दोन बोटांना चिकटपट्टी आहे. हजेरीपटावर बाबांच्या ओळीत मी सही करून आले आहे.