सेल्फ टक करतो, गाडी उठत नाही

सेक्टर ५, भिलाई
१० जानेवारी १९९१

चि. विजया हिस,

बाबाचा सप्रेम जयभीम. जावईबापूंनाही सांग. तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईने ते आधी स्वतः वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग कुंपणावरून शेजारणीलाही ऐकवलं. त्यामुळे तू महिनाअखेर माहेरी येते आहेस हे आता साऱ्या ब्लॉकला माहीत झालं आहे. आम्ही दोघं ठीक. ड्युटी ठीक चालू आहे.

तू लिहिलंस की मागच्या पत्रात मी कवडूकाकाच्या मुलीच्या लग्नाची बातमी दोनदा लिहिली, एकदा वर आणि एकदा खाली. अगं, यंदा थंडीच अशी आहे की हातांसोबत डोकंही गारठतं. शिवाय लग्न झोकात झालं, दोनदा लिहिण्यासारखंच. त्यात काळजीचं काही नाही.

काळजी आहे ती गाडीची. आपली जपानी म्हातारी. आमच्या साहेबांनी परदेशातून आणलेली आणि बदलीच्या वेळी मला दिलेली. तेव्हा बटण दाबून सुरू होणारी मोटारसायकल सेक्टरात ही एकच होती. बाकीचे किक मारून मारून घामाघूम व्हायचे आणि तू माझ्या मागे बसून त्यांना हसायचीस. त्या हसण्याची परतफेड आता मी करतो आहे. तिची किक केव्हाच गेली, आतले दाते झिजले आणि तसं सामान इथे मिळत नाही. म्हणजे सगळी भिस्त सेल्फवर, आणि नेमका सेल्फच रुसला.

झालं असं की सकाळी बटण दाबलं तर नुसतं ‘टक’. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. मोटर फिरेना. हॉर्न वाजत होता, पण सर्दी झाल्यासारखा. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीच्या टोकांचा असतो, तिथून पुरता करंट सुटत नाही. सीट काढून पाहिलं, तर टोकांवर पांढरी भुकटी चढलेली. रीतीप्रमाणे आधी फ्यूज काढला, उजेडात धरून पाहिला, तार शाबूत होती. मग आईच्या डब्यातला खायचा सोडा गरम पाण्यात घालून टोकं धुतली, घासून चकचकीत केली, ग्रीस लावलं आणि घट्ट आवळली. तो सोडा भज्यांसाठी राखलेला होता म्हणे. त्यावरून जे ऐकलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

एवढं करून बटण दाबलं, तर आता टकही नाही. दिवा नाही, हॉर्न नाही, काहीच नाही.

तेव्हापासून ड्युटीवरून आलो की मी तिच्यापाशीच बसलेला असतो. बॅटरी दुकानात नेऊन चार्ज केली. टेस्ट लॅम्प बॅटरीला लावला की लख्ख पेटतो, चावीपाशी लावला की पेटत नाही. म्हणजे करंट निघतो आणि वाटेतच कुठेतरी हरवतो. अर्थिंगची तार बदलली. सेल्फची मोटर उतरवून तिचे कार्बन पाहिले, रिले उघडला, चावीचा स्विच नवा घातला. फ्यूज तर सगळ्यात आधीच पाहिला होता. ज्याने जन्मभर स्टील प्लांटच्या मिलमधल्या क्रेन चालत्या ठेवल्या, त्याला अंगणातली एक गाडी उठवता येईना. शेजारचे दयाराम येता-जाता विचारतात, “का मारोतराव, पेशंट कैसा है?” मी सांगतो, सुधरतो आहे.

पण विजया, माझं जेवणात लक्ष लागत नाही. आई म्हणते, एका गाडीपायी एवढं कोणी करतं का? तिला काय सांगणार.

असो. दुर्ग स्टेशनवर तुला घ्यायला मीच येईन, आणि याच गाडीवर येईन. तोवर तिला ताळ्यावर आणतोच.

रविवार

पत्र इथवर लिहून राहून गेलं होतं. वरचं फाडून टाकावं असं वाटलं, पण राहू दे. मी काय काय टाळून लिहीत होतो ते तुला दिसेल.

आज आई कपडे धुवायला बसली. थंडीमुळे माझा खाकी सदरा स्वेटरच्या आत तसाच अंगावर चालला होता, तो तिने आज ओढूनच नेला. धुण्याआधी खिसे चाचपायची तिची सवय तुला माहीत आहे, माझ्या खिशातल्या नटबोल्टांनी तिची बादली किती वेळा वाजली आहे. मी अंगणात गाडी उघडून बसलो होतो. ती ओल्या हाताने आली आणि माझ्यासमोर सीटवर काचेचा तो लहानसा फ्यूज ठेवला.

“तुमच्या खिशात होता,” म्हणाली. “हाच तर नाही ढुंढून राहिले तुम्ही?”

मी तो शोधतच नव्हतो. रडायचं तेच आहे.

आमचा नियम तू लहानपणापासून ऐकत आलीस. मशीनला हात लावायच्या आधी तिचा फ्यूज काढायचा आणि आपल्या खिशात ठेवायचा. पॅनेलवर ठेवायचा नाही, कोणाच्या हाती द्यायचा नाही. जो आत, त्याच्या खिशात फ्यूज. तो खिशात आहे तोवर बाहेरच्याने कितीही बटणं दाबली तरी मशीन हलत नाही आणि आतला माणूस जिता राहतो. घरचा पंखा पुसतानाही मी फ्यूज खिशात घालायचो आणि तू चिडवायचीस. त्याच सवयीने हाही खिशात गेला. फ्यूज पाहिला होता हे लक्षात राहिलं. परत लावला नाही, हे डोक्यातून पार गेलं.

बसवला आणि बटण दाबलं. पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. टोकं धुतली तेव्हाच ती बरी झाली होती, नंतरची सगळी उस्तवार फुकटची. आई हसणार होती, माझ्याकडे पाहून थांबली. मी गाडी बंद केली आणि तिथेच पायरीवर बसलो. मला भीती वाटली, विजया. एवढी भीती मला क्रेनवर पहिल्यांदा चढतानाही वाटली नव्हती.

कारण खिशात असा फ्यूज मला याआधी एकदा सापडला आहे. ते तुला लिहिलं नाही, आईलाही बोललो नव्हतो.

देवीदास तुला आठवत असेल, माझा जोडीदार, रुआबांध्याला राहतो, तुझ्या लग्नात वाढायला होता. गेल्या महिन्यात आम्ही दोघं दुरुस्तीसाठी क्रेनवर चढलो होतो. फ्यूज मी काढले आणि माझ्या खिशात ठेवले, म्हणजे आम्हा दोघांचाही जीव माझ्या खिशात. वर ब्रेकचं काम चालू होतं. मोठा पाना लागला म्हणून मी खाली आलो, आलोच आहे तर चहा घेतला. चहा पिऊन खिशात हात घातला, तर फ्यूज. ते माझ्याजवळ का आहेत, मला आठवेना. वाटलं, काम आटोपलं आणि लावायचे तेवढे राहिले. मी खालच्या पॅनेलपाशी गेलो. एकेक करून सगळे बसवले. मेन स्विचच्या दांड्यावर माझा हात होता, तेवढ्यात वरून देवीदासची हाक आली.

“दादा, पाना भेटला का?”

त्याने हाक मारली नसती तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही.

फ्यूज काढले, खिशात घातले, पाना घेऊन वर गेलो. त्याने विचारलं, इतका वेळ कावून लागला तुम्हाले? मी म्हटलं, थंडी. तुलाही वर तेच लिहिलं आहे. तेव्हापासून स्वतःला समजावत होतो की चुकतं एखाद्या वेळी माणूस. गाडीच्या एवढा मागे लागलो तेही त्याचसाठी. ती माझ्या हाताने उठली असती, तर माझं डोकं शाबूत आहे असं धरून मी उद्या पुन्हा देवीदासला वर चढवलं असतं.

आईला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं की देवीदासला माहीत आहे का. मी नाही म्हणालो.

“मंग मले सांगून काय होते?” ती म्हणाली. “ज्याचा जीव वरतं होता, त्याले सांगा.”

दुपारी बसने रुआबांध्याला गेलो. देवीदास दारात खाट टाकून ऊन खात होता. मी बोलत गेलो, तो खाली पाहत ऐकत राहिला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि त्याने दिल्या असत्या तर बरंही वाटलं असतं. मग म्हणाला, “उद्या फोरमन साहेबाले आपण दोघं मिळून सांगू. पण दादा, आता फ्यूज माह्या खिशात राहीन.” मी हो म्हटलं. परत निघालो तेव्हा तो मला बसपर्यंत सोडायला आला आणि बसमध्ये बसवून कंडक्टरला माझा स्टॉप सांगितला. मला तो ठाऊक होता, तरी त्याला सांगू दिलं.

उद्या सांगितल्यावर टेबलाचं काम देतात की घरी बसवतात, पाहू. तू आलीस की मला नागपूरच्या एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे ने. आई सोबत येईन म्हणते. मी नाही म्हटलं तरी ऐकू नकोस.

स्टेशनवर गाडी घेऊन येणार नाही. आईसोबत रिक्षाने येईन. गाडीचा फ्यूज कागदात गुंडाळून याच पाकिटात घातला आहे. असा फ्यूज कुठल्याही दुकानात मिळतो, हे मला कळतं. अजून तेवढं कळतं. पण जो आत, त्याच्या खिशात फ्यूज, हा आमचा नियम. आता आत मी आहे आणि माझ्या खिशाचा भरवसा राहिला नाही. म्हणून तो तुझ्याजवळ देतो.

पुढे कधी मी रागावून विचारेन की माझ्या गाडीचा फ्यूज तू का नेलास. तेव्हा मला हे पत्र वाचून दाखव, पण फ्यूज देऊ नकोस.

तोवर तुझा, आणि त्यानंतरही तुझाच,
बाबा