पडदा राहू दे उघडा

१४ मार्च, शनिवार

पोचलो एकदाचे बोटीवर. खोली नंबर ४१२. जावयाने हौसेने निवडली. "आई, या खोलीला स्वतःचं अंगण आहे! लिफ्ट नको, लांबलचक बोळ नको. बाबांची चाकाची खुर्ची दारातून थेट डेकवर." पुस्तिकेत फोटोही तसाच होता. दोन आरामखुर्च्या, पुढे समुद्र, माणूस नावाला नाही.

माणूस नावाला नाही म्हणे! अंगण आमचं खरं, पण त्याच्या पुढ्यातून सगळ्या बोटीची फिरायची वाट जाते. दारापासून चार हातांवर. दुपारी माणसं मोजायला बसले, शंभर झाल्यावर नाद सोडला. कुणी पळतंय, कुणी आइस्क्रीम चाटतंय. लाल टोपीवाली एक बाई तर आमच्याच आरामखुर्चीत पाय पसरून घोरत होती. खुर्चीच्या पाठीवर ४१२ लिहिलंय, एवढ्या मोठ्या आकड्यांत! पण झोपलेल्या माणसाला उठवायचं कसं? नाही उठवलं.

आणि ते थेट दार! वीतभर उंच उंबरठा आहे मध्ये. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून. पाणी येणार नाही हे चांगलंच, पण यांची खुर्चीही जाणार नाही त्याचं काय? खोलीत साफसफाईला येणारी बाई — दोनदा ठकठक केल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आम्ही तिचं नावच ठकठक ठेवलंय — म्हणाली, उतरणीची फळी मिळते, ऑफिसात सांगा. सांगितलं.

हे म्हणाले, "खोली आहे की कापडाच्या दुकानाची काच? मला पुतळ्याच्या जागी बसव."

म्हटलं, पुतळे निदान कुरकुर करत नाहीत.

१५ मार्च, रविवार

सकाळी पडदा सारला तर काचेला नाक लावून एक गृहस्थ उभे! मी किंचाळले. ते ढिम्म. खिशातून कंगवा काढला, भांग पाडला, ओठ वर करून दात बघितले आणि चालू लागले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाहेरून ही काच म्हणजे आरसा! आम्ही त्यांना दिसतच नाही. ते मात्र आम्हाला अख्खे.

मग काय, सकाळभर फुकटचा खेळ. चाळीस वर्षं शिवणकाम केलं मी, दुकानाच्या आरशापुढे लोक काय काय करतात ते मला नवीन नाही. एक काका आले, काचेसमोर थांबले, पोट आत ओढलं. मी म्हटलं, "बेचाळीस कंबर. आता अडतीस." हे म्हणाले, "पुढच्या खांबाशी सोडतील बघ." आणि बरोब्बर खांबाशी सोडलं हो त्यांनी! हे हसले. खदखदून. अर्धांगाचा झटका आल्यापासून सहा महिन्यांत पहिल्यांदा. उजव्या बाजूचा ओठ थोडा मागे राहतो अजून, पण हसू पुरं पोचतं.

मला इतकं बरं वाटलं! त्याच आनंदात आमच्या खुर्च्या पुसायला बाहेर गेले आणि दार मागे आपोआप बंद. कार्ड आत. अंगावर घरातला गाऊन. कार्डाशिवाय ते दार बाहेरून उघडत नाही. आतून उघडतं, पण मूठ इतकी वर की उभं राहिल्याशिवाय हात पोचत नाही. काचेवर थापा मारतेय आणि दिसतंय काय, तर माझेच विस्कटलेले केस! शेवटी अर्धी बोट वळसा घालून, गाण्याबजावण्याच्या हॉलमधून, गाऊन आणि सपाता अशा थाटात ऑफिसात गेले, दुसरं कार्ड मागितलं.

परत आले तर हे म्हणाले, "वरात निघाली होती म्हणे! आम्हाला बोलावणं नाही?" मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत — "मला उघडता आलं नाही." त्याचं फार वाईट वाटलं. कशाला गेले मी त्या खुर्च्या पुसायला!

हे जेवणाच्या हॉलमध्ये येत नाहीत. डाव्या हाताने सांडत जेवताना कुणी बघायला नको असतं त्यांना. म्हणून मी सातला जाते, जेवते, यांचं ताट घेऊन येते. आज म्हणाले, "सावकाश जेव. घाई नको. आणि जाताना दिवा लावून जा." घ्या! एकतीस वर्षं बस चालवली, रोज संध्याकाळ झाली की प्रवाशांवर ओरडायचे — आतले दिवे घालवा म्हणून! आता अंधाराची भीती वाटायला लागली की काय?

१६ मार्च, सोमवार

उतरणीची फळी आली. दारापेक्षा चार बोटं रुंद. माप न घेता कात्री चालवणारे सगळीकडेच असतात.

१७ मार्च, मंगळवार

आज भांडण. पडद्यावरून!

सकाळी एका गृहस्थांनी दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरली आणि काचेला चिकटून आत बघितलं. तसं केलं की दिसतं म्हणे! मी समोर केस विंचरत होते. दोघंही दचकलो. तडक ऑफिसात गेले, अर्ज दिला. अंगण आमचं, खुर्च्या आमच्या, खोली आमची, आणि डोळे जगाचे? अर्ज घेणारे साहेब फार नम्र. "बघतो, बाई." बघणारेच जास्त झालेत हो, म्हटलं.

संध्याकाळी जेवायला निघताना पडदा ओढला तर हे म्हणाले, "राहू दे उघडा."

"का?"

"समुद्र बघतो."

अंधार पडायला आला, दिसणारे काय समुद्र? मी ऐकलं नाही. शिवणाच्या पिशवीतल्या पिना काढल्या आणि दोन्ही पडदे एकमेकांना टाचून टाकले, वर, हात पोचेल तिथे. माझ्या दुकानात कपडे घालून बघायची जागा होती ना, तिचा पडदा चाळीस वर्षांत कधी बोटभर फटीने राहिला नाही.

ताट घेऊन आले तर पडदे सताड उघडे! पिना बशीत ओळीने मांडलेल्या. हे खुर्चीत पेपर वाचतायत, कपाळावर घाम.

"पिना कुणी काढल्या?"

"ती ठकठक आली होती."

"आणि घाम?"

"एसी बिघडलाय वाटतं."

पेपर उलटा नव्हता एवढंच. मी ताट पुढ्यात आपटलं. आता लिहिताना मात्र राग नाही, काळजीच आहे. निघायच्या आदल्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं — पाय मेलेला नाही, पण आणखी दोन-तीन महिने असेच बसून राहिले तर चालणं विसरेल तो. मी यांना कितीदा म्हटलं, उठा, मी धरते. उठत नाहीत. स्वयंपाकघरात पडले होते ना, मी धरायला धावले आणि दोघंही आडवे. यांना खरचटलंसुद्धा नाही, माझं मनगट मोडलं. दीड महिना प्लॅस्टर. तेव्हापासून माझ्यासमोर एकदाही उभे राहिले नाहीत. "चाकं बरी आहेत," म्हणतात. चाकांवरच आयुष्य गेलंय, असा विनोदही करतात. मला त्या विनोदावर हसता येत नाही.

१८ मार्च, बुधवार

नीट लिहिते.

सकाळी ठकठकला विचारलं, काल संध्याकाळी पडदे का उघडले? ती म्हणाली, "बाई, मी तीननंतर या मजल्यावर येतच नाही."

मग कोण? विचार करत आरामखुर्चीत बसले होते (कार्ड गळ्यात अडकवून!) तेवढ्यात लाल टोपीवाली बाई आली. रोज संध्याकाळी मैत्रिणीबरोबर याच वाटेवर फेऱ्या मारते. आज खुर्चीत न झोपता माझ्यापुढे उभी राहिली आणि तोंड भरून म्हणाली, "काल चौदा झाली हो! परवा नऊच होती."

"कसली चौदा?"

"पावलं. तुमच्या ह्यांची."

मी म्हटलं, हे तर उठतच नाहीत! तिला वाटलं मला ठाऊक आहे. बिचारी गोंधळली, मग सगळं सांगितलं. दिवसा बाहेर ऊन असतं, आत अंधार, म्हणून काच आरसा होते. संध्याकाळी आत दिवा लागला की उलट. बाहेरच्यांना आतलं सगळं लख्ख दिसतं, आतल्यांना फक्त स्वतःचं तोंड. रोज सात वाजता मी गेले की हे पलंगाला धरून उठतात. मग हात सोडतात. "आम्ही दोघी मुद्दाम तीच फेरी धरतो," ती म्हणाली. "थांबून बघत नाही हो. जाता जाता बघतो. मनातल्या मनात मोजतो."

आधी काय आठवलं सांगू? रविवार! आणि सोमवार! पडदा उघडा, दिवा चालू, हे पेपराआड, आणि मी जेवायला जायचे कपडे बदलतेय! काच आरसा आहे या भरवशावर! देवा रे! चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पडदे सांभाळले आणि स्वतः मात्र बाजारात उभी. लाल टोपीला विचारलं, काही दिसलं का? म्हणाली, "छे! आम्ही समुद्राकडे बघत होतो." खोटं बोलली. त्याबद्दल तिला खुर्ची कायमची माफ.

मग दुसरं आठवलं आणि रडूच आलं. चौदा पावलं. माझ्याशिवाय. सगळ्या बोटीला माहीत आणि मला नाही!

यांना वाटतंय आपल्याला कुणी बघत नाही. कळलं तर पुन्हा उठणार नाहीत. सांगायचं नाही. मेले तरी सांगायचं नाही.

१९ मार्च, गुरुवार

संकटं अशी हात जोडून येतात!

सकाळी ऑफिसातले नम्र साहेब स्वतः दारात. "बाई, आनंदाची बातमी. तुमचा अर्ज मंजूर. दुपारी काचेवर दुधी कागद चिकटवतो. दिवसरात्र कुणाला काही दिसणार नाही."

"नको!" मी इतक्या जोरात म्हणाले की पलीकडच्या खोलीतले बाहेर आले.

"पण तुम्हीच तर..."

"अर्ज मीच दिला, आता मीच मागे घेते."

"कारण काय लिहू?"

"लिहा, बाईंना समुद्र आवडला."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की चार वेळा ब्लाउज उसवायला लावून पाचव्यांदा "पहिलाच बरा होता" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी जसं बघायचे. बरोबरच आहे. हे आतून सगळं ऐकत होते. पेपराआड काय चाललं होतं ते काही दिसलं नाही.

संध्याकाळी मी होऊनच दिवा लावला, पडदे दोन्ही बाजूंना नीट सारले. "सावकाश जेवते," म्हटलं. हे म्हणाले, "आज फार शहाणी झालीस?"

दोन घासांत जेवण उरकलं. पण पाऊण तास बसून राहिले. लाल टोपी नंतर भेटली, बोटांनी दाखवलं — सोळा.

२० मार्च, शुक्रवार

आज गेलेच नाही जेवायला. आतल्या दाराने निघाले आणि वळसा घालून डेकवर आले. कठड्याशी लाल टोपी आणि तिची मैत्रीण होत्या. त्यांच्यामागे उभी राहिले.

खोलीत दिवा. हे खुर्चीत. दोन मिनिटं नुसते बसून. मग डावा हात पलंगावर, एक हेलकावा, आणि उभे! कित्येक महिन्यांनी बघितलं मी यांना उभं. विसरले होते किती उंच आहेत. पँट कमरेत दोन इंच सैल झालीय. ओठ हलत होते — मोजत होते. हात सोडला. उजवा पाय जरा ओढत, पण आला. आठ. बारा. एकदा तोल गेला, माझं पाऊल आपोआप पुढे गेलं. लाल टोपीने मनगट धरलं माझं. तेच, मोडलेलं.

सतरा पावलांवर काच. तिथे थांबले, स्वतःकडे बघितलं, आणि डाव्या हाताने भांग पाडला! त्या रविवारच्या गृहस्थांसारखाच! मी रडता रडता हसले.

तेवढ्यात यांनी भिंतीवरचं बटण दाबून दिवा घालवला.

काच काळी झाली. आता काचेत मीच दिसत होते, पुढे दोन बायका, डेकवरचे दिवे. म्हणजे आतून यांना सगळं दिसत होतं.

मूठ फिरली. दार उघडलं. हे चौकट धरून उभे.

"कार्ड विसरलीस ना?"

गळ्याशी हात नेऊन चाचपलं. खरंच विसरले होते!

मग डावा पाय उंबरठ्यापलीकडे टाकला. उजवा मागून आणायचा होता. मी दोन्ही हात पाठीमागे धरले, एकात एक घट्ट. नाही धावले. पाय अडला, पुन्हा उचलला, आला. लाल टोपीने टाळ्या वाजवल्या आणि हे जाऊन ४१२ नंबरच्या खुर्चीत बसले.

"तुझ्या मैत्रिणी का या?" मला म्हणाले. "रोज जातात इथून. ओळख करून दे."

२१ मार्च, शनिवार

सकाळी विचारलं, काच संध्याकाळी उलटते हे तुम्हाला कधी कळलं?

"एकतीस वर्षं काय डोळे मिटून बस चालवली?" म्हणाले. "आतला दिवा लागला की काय होतं ते ड्रायव्हरला सांगायला लागतं होय? पहिल्याच संध्याकाळी कळलं. म्हणून तर दुसऱ्या दिवशी उठलो. बाहेर माणसं होती. पडलो असतो तर कुणीतरी धावलं असतं. तू सोडून कुणीही."