बाबांची फुंक

२ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

‘साधा खोकला आहे’ म्हणत वर्ष काढलंस आणि आता थेट ऑपरेशन! वहिनीने सविस्तर कळवलं. दोन्ही फुप्फुसांत जाळं धरलंय, पण कशामुळे ते स्कॅनवरून कळत नाही. म्हणून बरगड्यांमधून लहान छिद्रं पाडून, दुर्बिणीतून बघत फुप्फुसाचे तुकडे काढणार. रात्रभर डोळा लागला नाही.

पण तिने पुढे लिहिलंय की, काही बरंवाईट झालं तर सॅक्सोफोन तुझ्या त्या शिष्याला द्यायचा. बाबांनी तो तुला दिला आणि माझी बासरीवर बोळवण केली, ते मी गिळलं. आता त्या परक्या पोराचा नंबर माझ्या आधी? मी जळते, दादा. तू आजारी असताना जळते, याची लाज वाटते, पण जळते.

नीट हो. मग भांडू.

तुझी धाकटी

१९ मार्च

चि. चिडकी हिस, अ. उ. आ.

सुटलो. छातीतली नळी काढताना डॉक्टरीणबाईंनी मोठा श्वास धरायला सांगितलं आणि मला तो धरवेना. एका दमात अख्खी ओळ वाजवणारा मी.

तुकड्यांचा रिपोर्ट आला. बुरशीमुळे फुप्फुसं चिडलीत. घरात ओल आहे का, पक्षी पाळता का, सगळं विचारून झालं. शेवटी बाईंनी वाद्य किती वेळा धुतो, ते विचारलं. मी म्हणालो, “कधीच नाही. त्यात बाबांची फुंक आहे.” त्या लिहिता लिहिता थांबल्या. मग सॅक्सोफोनच्या नळीतला मळ तपासला, तर त्यात तीच बुरशी. औषधांनी आजार आवरेल म्हणतात. जे फुप्फुस निबर झालं ते गेलंच, आणि वाजवणंही बंद.

शिष्याला का देत होतो, सांगू? तो माझ्यापेक्षा वाईट वाजवतो. तू आम्हा दोघांपेक्षा चांगलं वाजवशील, हे बाबांना कळलं होतं आणि मलाही. शाळेत पोरांना पिपाण्या शिकवून तू गात गात जिना चढतेस. मी दुसऱ्या पायरीवर बसतो. आता जळायची पाळी माझी आहे.

सॅक्सोफोन त्याच्या पेटीसकट पाठवतोय. आधी धुऊन घे. माझ्याच्याने धुववत नाही.

दादा

३० मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

धुतला. साबणाच्या पाण्यात नळीतून ब्रश फिरवला, तर काळं पाणी निघालं. ते मोरीत ओतून दिलं. तोंडात धरायचा भाग नवा आणला. यापुढे वाजवून झालं की दर वेळी धुणार, तू नाक मुरडलंस तरी.

पहिला सूर घाणेरडा लागला. दुसरा बाबांचा लागला. फुंक माझीच होती, दादा, आणि लागला त्यांचा.

रविवारी ये. खोलीत यायचं नाही, दाराबाहेरच्या पायरीवर बसायचं. तिथेच बसून मी तुम्हा दोघांना ऐकत मोठी झाले. खुशाल जळत बस. दम लागला तर हाक मार, आणि हाकेपुरताही दम नसला तर दारावर नुसतं टकटक कर. मी वाजवणं थांबवेन.

लोभ आहेच, थोडा हेवाही असू दे.

तुझी चिडकी