परत गेलेली चारशे बारा माणसं

७ जानेवारी
तेविसावा चाचणीडाव. शहर पुन्हा पेटलं.
नकाशावर दोन वर्षं दुष्काळ, खालच्या गावांतली माणसं कापडाच्या शहराकडे निघाली, नवव्या वर्षी अस्वस्थतेचा काटा शंभरावर. दंगल, कोठार जळालं, राज्य गेलं. बाविसाव्या डावात नेमकं उलटं झालं होतं. काटा हलेचना. जितकी माणसं येतील तितकं कापड, तितकी फौज. झोपेत जिंकावं इतकं सोपं.
श्रीनू म्हणाला, "एकतर आग, नायतर जत्रा. मधलं कायतरी पाहिजे की वीणा."
सहा वर्षं आम्ही दोघं संगणकावरचा हा खेळ बनवतोय. तो पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो आणि उरलेल्या वेळात प्रोग्रॅम लिहितो. मी बारावीला इतिहास शिकवते आणि उरलेल्या वेळात दख्खनची राज्यं उभी करते, पाडते. शाळेत एका वर्गात होतो. तेव्हाही त्याच्या वहीत किल्ल्यांचे नकाशेच.

१२ जानेवारी
वाद. माझं म्हणणं, शंभर माणसं आली की काटा एकाने वर. साधा नियम, खेळणाऱ्याला लगेच कळतो.
श्रीनू : "माणसं आली म्हणून कोण पेटत नाही. ज्वारी महागते, झोपायला जागा नसते, पाण्यावर भांडणं होतात, तेव्हा पेटतं. काटा त्याला जोड."
बरोबर आहे. पण ज्वारी, घरं, पाणी सगळं नव्याने बांधायचं तर तीन महिने. खेळांचं प्रदर्शन ९ फेब्रुवारीला. पुण्याहून खेळ बाजारात आणणारे एक गृहस्थ मुद्दाम येणार आहेत.
"तुझ्या नियमात इथं चालत आलेला माझा पणजोबा म्हणजे एका काट्याचा शंभरावा भाग," तो म्हणाला. हसला. मीही हसले.

१९ जानेवारी
श्रीनूच्या घरी, सोलापूरच्या पूर्व भागात. त्याच्या आईकडून, अम्माकडून, गोष्ट लिहून घेतली. अम्मा सत्तरीची. मराठी बोलते ती सोलापुरी, राग आला की तेलुगू.
तिचा आजोबा, ती त्याला ताता म्हणते, तेलंगणातून चालत आला. बायको, दोन मुलं, खांद्यावर हातमागाची फणी, धागे ओवायची. बाकी माग तिथेच सोडला. "लाकूड कुटंबी मिळतंय. फणी हातची असती." सोलापुरात पाच दिवस उघड्यावर. सहाव्या दिवशी एका बाईनं अंगणात मागासाठी खड्डा खणू दिला. खड्ड्यात माग बसला, घर बसलं.
"हे येणार व्हय तुमच्या खेळात?"
"येणार अम्मा. नक्की."
"ताताचं नाव घालू नका पण. लाजत होता लई."
श्रीनू दारात उभा राहून ऐकत होता. शंभरदा ऐकलेलं असणार. तरी चेहरा पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा.
जेवूनच सोडलं. भात, आमटी, गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची चटणी.

२८ जानेवारी
ताताचं पान खेळात बसलं. दुष्काळात फणी घेतलेलं एक कुटुंब वेशीवर येतं. ठेवून घ्यायचं की नाही? ठेवून घेतलं तर काटा बाराने उतरतो. चित्र श्रीनूने काढलं. फणीचा एकेक दात.
शिवाय माझा शंभराला एक हा साधा नियमही बसला, श्रीनू "प्रदर्शनापुरता" म्हणून कबूल झाला. आणि एक नवा हुकूम : वेस बंद. कुणी आत नाही, काटा जागच्या जागी. ही कल्पना माझी.

८ फेब्रुवारी
ताताच्या पानाने सगळं बिघडतंय. जो खेळतो तो ठेवूनच घेतो, काटा बाराने उतरतो, मग दंगल होतच नाही. उद्या प्रदर्शन.
पान काढून ठेवलं. उद्यापुरतं. श्रीनूला फोन करणार होते, तो कंपनीच्या बैठकीत होता. नंतर केला नाही.
बाराचे तीन करता आले असते. सुचलं नाही असं नाही. परत सगळं तपासायला लागलं असतं, आणि मला कंटाळा आला होता. इथे तरी खरं लिहावं.

९ फेब्रुवारी
श्रीनू अम्माला रिक्षाने घेऊन आला. मला माहीत नव्हतं. नवी सुती साडी, केसात अबोली. आमच्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि पडद्याकडे बघत राहिली.
माझ्या वर्गातली एक मुलगी खेळत होती. हुशार. तिला दोन डावांत गोम कळली. "मॅडम, हे तर लई सोपं हाय की. वेस बंद करायची, कापड विकायचं." पडद्यावर लाल अक्षरं आली. परत गेले : ४१२.
अम्माला वाचता येतं, सावकाश. तिने वाचलं.
"परत गेले. कुटं?"
श्रीनू म्हणाला, "आले तिकडं, अम्मा."
"तिकडं पाऊस न्हाय म्हटलास की."
मुलीने पुढचं वर्ष चालू केलं. पुन्हा दुष्काळ, पुन्हा वेस बंद.
थोड्या वेळाने अम्माने विचारलं, "ताता कवा येतोय?"
श्रीनूने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाण्याची बाटली उघडत होते. उघडत राहिले.
एक तास ती बसली होती. एक तास.
पुण्याचे गृहस्थ खूष. "वेस बंद जबरदस्त आहे. एक बटण, एक निर्णय. लोकांना हेच आवडतं." महिन्याभरात हो-नाही कळवा म्हणाले.

११ फेब्रुवारी
श्रीनूचा एकच मेसेज. "मला सांगायचं तरी." मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी "चुकलं" एवढंच पाठवलं.

१६ फेब्रुवारी
अम्माची माफी मागायला गेले. श्रीनू बाहेर गेला होता. अम्मा कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं, पान कुणी काढलं, का काढलं.
ती रागावली नाही. त्याहून वाईट झालं. हात धुऊन समोर बसली आणि म्हणाली, "तुझा खेळ खोटा न्हाय पोरी. अर्दी गोष्ट मीच सांगितली न्हवती."
पुढच्या एका दुष्काळात त्यांच्याच गावाकडची माणसं सोलापुरात आली. तेव्हा ताताचे दोन माग चालू होते. आलेल्यांत त्याच्या मावसभावाची बायको, पोर कडेवर. नवरा वाटेत गेलेला. ताताने दाराची कडी आतून लावली. एकीला घेतलं तर सगळे येतील, अंगणाची मालकीण आपल्यालाच काढेल, ही भीती. ती बाई दिवसभर बोळात बसून होती. दुसऱ्या दिवशी नव्हती.
"कुटं गेली कुणाला ठावं न्हाय. माझी आई तवा ल्हान, आतनं फटीतनं बघत होती. मरेपर्यंत तेच सांगायची."
म्हणजे प्रदर्शनात ती "कुटं?" विचारत होती ते या बाईबद्दल.
निघताना म्हणाली, "श्रीनूला बोलू नको. त्याला ताता लई मोटा वाटतो. वाटू दे की."
मी हो म्हटलं. तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

२५ फेब्रुवारी
काय केलं मी हे.
श्रीनूकडे गेले होते, पुण्याला काय कळवायचं ते ठरवायला. तो म्हणाला, हा नियम काढ, वेस बंद काढ, मगच माझं नाव लाव. मी म्हटलं, नियम भले कच्चा असेल पण माणसं अशी वागतात. तो चिडला. "कोण वागतात? तू पुस्तकातनं वाचतीस. आम्ही आलेली माणसं हाय वीणा. ज्यानं उघड्यावर दिवस काढले तो दुसऱ्याला दार लावत नसतो. आमच्यातला एक दाखव."
आणि मी दाखवला.
"तुझ्या पणजोबानं लावलं होतं. विचार अम्माला."
जिंकल्यासारखं वाटलं. अगदी क्षणभर, पण वाटलं. तेच जात नाहीये डोक्यातून.
स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. श्रीनू उठून आत गेला. मला तेलुगू येत नाही. अम्मा फार थोडं बोलली. मग श्रीनूचाच आवाज.
चप्पल घालून निघाले. कुणी थांबवलं नाही.

२७ फेब्रुवारी
अम्माला फोन केला. उचलेल असं वाटलं नव्हतं.
"अम्मा, मी..."
"तू इतिहासवाली म्हणून सांगितलं. लिहून ठेवशील म्हणून. भांडायला वापरशील म्हणून न्हवं."
तिने फोन ठेवला.

१ मार्च
वर्गात स्थलांतर शिकवायचं होतं. कारणे, परिणाम. फळ्यावर 'परिणाम' लिहिलं आणि पुढे लिहवेना. ती हुशार मुलगी म्हणाली, "मॅडम, बरं न्हाय का?"
घरी, इथे शुक्रवार पेठेत, अव्वाला, माझ्या आईला, विचारलं, आपण मूळचे कुठले? "अक्कलकोटच्या पलीकडचे," म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. का आलो, कुणाच्या दारात उतरलो, तिला माहीत नाही. मीही इतकी वर्षं विचारलं नव्हतं. दुसऱ्यांच्या आयांकडून गोष्टी लिहून घेत होते.

६ मार्च
श्रीनूने सगळा प्रोग्रॅम पाठवला. सहा वर्षांचं काम, एका फाईलमध्ये. खाली एक ओळ : "तुझं तू बघ, माझं नाव नको."
फाईल चाळली. एके ठिकाणी नवा भाग दिसला, तारीख २६ फेब्रुवारीची. म्हणजे मी बोलून आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्यात शहरात आलेली माणसं दहा वर्षांनी 'जुनी' होतात, आणि जुन्यांची भीती वेगळी मोजली जाते. कोठारात ज्वारी असली तर भीती उतरते. नसली तर तीच माणसं वेस बंद करा म्हणतात. राजाने हुकूम न देताही वेस बंद होते.
अर्धंच लिहिलंय. मधेच सोडलंय.
चालवून पाहिलं. काटा पहिल्यांदाच नीट हलला. ना आग, ना जत्रा. सहा वर्षं जे जुळत नव्हतं ते त्याने जुळवलं, आणि कशातून जुळवलं. आनंद होईल असं वाटलं होतं.

९ मार्च
पुण्याला कळवलं, खेळ तयार नाही, आत्ता देता येणार नाही. उत्तर लगेच आलं. सभ्य होतं. वाट बघणार नाहीत असं दिसतंय.
श्रीनूला हे कळवलं नाही. कळवलं तर वाटेल, मोबदल्यात काही मागतेय.

१५ मार्च
अम्माची गोष्ट लिहून काढली. दोन्ही अर्ध्या. खेळासाठी नाही. तिने ज्यासाठी सांगितली होती त्यासाठी. साडेचार पानं. ताताचं नाव घातलं नाही. अंगणात खड्डा देणारी बाई आणि बोळात बसलेली बाई एकाच पानावर आल्या. मुद्दाम नाही.
दोनदा वाटलं पोस्टाने पाठवावी. पण गेलंच पाहिजे.

२२ मार्च
गेले. ऊन मरणाचं. शेजारच्या घरात यंत्रमाग चालू होते, दारात काही बोललं तरी ऐकू गेलं नसतं. दुपारच्या जेवणासाठी माग थांबले तोवर तशीच उभी राहिले. अम्माने हातातले कागद पाहिले.
"लिवलंस?"
"लिहिलं."
"वाच."
आतल्या खोलीत श्रीनू होता. कीबोर्ड वाजत होता. बाहेर आला नाही.
वाचलं. अम्मा डोळे मिटून ऐकत होती. खड्डा खणला तिथे मान हलवली. कडी लावली तिथे हलवली नाही. मी थांबले, तर म्हणाली, "वाच की." बोळातल्या बाईपाशी आले तेव्हा तिनेच हात वर केला.
"नुसतं 'बाई, बाई' काय लिवलंयस? तिचं नाव घाल."
"काय नाव होतं अम्मा?"
तिने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आठवेना. आईने सांगितलेलं होतं, कितीदा तरी सांगितलेलं. हाताची बोटं मोजल्यासारखी करत तीन-चार नावं पुटपुटली, प्रत्येकाला स्वतःच न्हाय म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावला. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.
आत कीबोर्ड थांबला होता. श्रीनू दारात आला. माझ्याकडे पाहिलं नाही.
"अम्मा, वरंगलच्या पिन्नीला ठावं असेल का? लावू फोन?"
पिन्नी म्हणजे अम्माची धाकटी बहीण. अम्माने मान हलवली. त्याने फोन लावून स्पीकरवर केला आणि आम्हा दोघींच्या मधे ठेवला. तिघंही त्या फोनकडे बघत बसलो. बराच वेळ वाजला. कुणी उचलला नाही.
"झोपली असंल दुपारची," अम्मा म्हणाली. "उद्या परत लावू."
त्या 'लावू'त मीही होते का, ते कळलं नाही. श्रीनू फोन घेऊन आत गेला. दार लोटलं नाही त्याने, पण ते तसंही नीट लागत नाही.
कागद अम्माने ठेवून घेतले.